सिरॅटोडस
सिरॅटोडस : फुप्फुसमीनांची (फुप्फुसाने हवा घेऊ शकणाऱ्या माशांची) एक निर्वंश प्रजाती. मांसल पक्ष (पर) असलेल्या माशांच्या गटात तिचा अंतर्भाव होतो. लुई अ‍ॅगासिझ यांनी १८३८ च्या सुमारास केवळ दातांवरून ती स्थापिली व तिला ‘शृंगदंत’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले. सांगाड्याचा बराच भाग कूर्चेचा असल्याने तो क्वचितच टिकतो. पंख्यासारख्या कंगोऱ्यांचे कठीण दंतपट्ट मात्र जीवाश्मरूपात विपुल आढळतात.

भारतातील नमुन्यांचा इतिहास नागपूरशी निगडित आहे. १८४५ मध्ये तेथे आलेले स्कॉटिश धर्मोपदेशक स्टीव्हन हिस्लॉप यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्या परिसराच्या भूविज्ञानावर १८५५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पुढे हिस्लॉप यांना नागपूरच्या दक्षिणेस मलेडी (मलेरी, आता तेलंगणात) येथे मिळालेल्या दातांचे वर्णन टॉमस ओल्डॅम यांनी १८५९ मध्ये केले. सि. हिस्लोपियानस व सि. हंटेरियानस ही जातिनामे शोधकांवरून पडली. सि. विरापा यातील नाव मात्र एतद्देशीय आहे. त्या काळी हे विरळाच.

निव्वळ दातांवरून संपूर्ण मासा कल्पिणे कठीण होते. ही अडचण अनपेक्षितपणे दूर झाली. १८७० मध्ये गेरार्ड क्रेफ्ट यांनी क्वीन्सलँडमधील एक जिवंत मासा दातांच्या साम्यावरून याच प्रजातीत घातला. (आता तो निओसिरॅटोडस या वेगळ्या प्रजातीत गणला जातो.) हिस्लॉप मात्र १८६३ मध्येच नदी ओलांडताना बुडून मरण पावले होते. मायल यांनी १८७८ मध्ये मलेडीचे दात पुन्हा अभ्यासले, तेव्हा तुलनेस हा मासा उपलब्ध होता.

या दातांचे खरे महत्त्व खडकांच्या कालनिर्णयात दिसून आले. प्राणहितेकाठच्या सिरोंचा भागातील (गडचिरोली जिल्हा) कोटा येथील मत्स्यजीवाश्म जुरासिक कालाकडे, तर मलेडीचे दात व त्यांच्या सोबतचे हायपरोडॅपेडॉनसारखे सरीसृप ट्रायासिक कालाकडे (सु. २३ कोटी वर्षांपूर्वी) निर्देश करीत होते. तरीही दीर्घकाळ ‘कोटा-मलेरी’ असा एकच समूह मानला जाई. आता मलेरी शैलसमूह उत्तर ट्रायासिक व कोटा जुरासिक मानतात.

दातांवर विसंबल्यामुळे प्रजातीचा व्याप एके काळी भलताच वाढला होता. अनेक जाती पुढे अन्य प्रजातींत हलवाव्या लागल्या.