मुक्तीचा ताळेबंद

सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासण्यात माझी एकतीस वर्षे गेली. देवस्थाने, वसतिगृहे, गोशाळा, तालमी, अनाथाश्रम. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची आठवी आणि नववी अनुसूची, म्हणजे ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचे पत्रक, यांतले रकाने मला झोपेतही दिसत. या काळात एक सवय जडली. संस्थेची घटना, तिचे माहितीपत्रक आणि तिचा ताळेबंद हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवायचे. पहिल्यात संस्थेने काय करायचे ठरवले होते ते असते, दुसऱ्यात ती काय करते म्हणून सांगते ते, आणि तिसऱ्यात पैसा खरोखर कुठे गेला ते. तिन्ही कागद जुळणारी संस्था मला क्वचितच भेटली.

निवृत्तीनंतर पंडिता रमाबाई वाचायला घेतल्या त्या या सवयीसकट. त्याला घरातले एक कारणही होते. माझी आजी हिंगण्याच्या आश्रमात शिकलेली. रमाबाईंचे नाव निघाले की ती एकच वाक्य बोलायची, “त्यांच्या शाळेला अमेरिकेचा पैसा होता हो.” या वाक्यात कौतुक किती आणि ठपका किती, हे तिला विचारायचे राहून गेले. अमेरिकेच्या पैशाने नेमके काय घेतले आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढाच प्रश्न मी पुढे धरला आहे.

‘मानवी तस्करी’ हा शब्द रमाबाईंच्या काळी नव्हता, पण तो व्यवहार होता आणि रमाबाईंनी तो जवळून पाहिला. १८९० च्या दशकाच्या मध्यात त्या यात्रेकरूच्या वेषात वृंदावनला गेल्या. पंड्यांचे हस्तक गावोगाव फिरून तरुण विधवांना तीर्थवासाची गोडी लावत, क्षेत्री आणत, त्यांच्याजवळचे किडूकमिडूक संपवून त्यांना पुरुषांच्या हवाली करत आणि आजारी पडल्यावर रस्त्यावर सोडत, हे त्यांनी तिथे पाहिले. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या सरकारी अन्नछत्रांत आणि अनाथगृहांत उपाशी मुलींवर डोळा ठेवून हिंडणारे स्त्री-पुरुष त्यांना दिसले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गमावलेल्या या बाईला त्या मुली कोण आहेत हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी तिथून सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या इस्पितळात नेलेली त्यांच्याकडची एक मुलगी परत आली नाही. ती पहारेकऱ्याच्या हाती लागली, असा आरोप रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून उघडपणे केला. सरकारने तो नाकारला. इस्पितळाच्या कारभाराबद्दल साहेबाला जाहीर जाब विचारणारी ही बाई साहेबाच्याच धर्माची होती, हे तिच्या टीकाकारांच्या हिशेबात कधी धरले गेले नाही.

आता पैशाकडे येऊ.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पुढे झालेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. धर्ममत काय मानायचे आणि कोणाच्या आज्ञेत राहायचे, यावर दोघी वर्षानुवर्षे भांडत राहिल्या. हिशेबनीसाच्या नजरेने त्या पत्रांत मला दिसते ते असे, की ज्या हातातून पैसा येतो त्या हातात आपला लगाम द्यायचा नाही, हे रमाबाईंनी तेव्हाच ठरवले होते. त्यामुळे शाळेसाठी पैसा उभा करताना त्या चर्चच्या मिशनकडे गेल्या नाहीत. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये काढले, त्याच्या विक्रीचा पैसा कामाला लावला आणि वर्षअखेरीस बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, म्हणजे युनिटेरियन पंथाचे. गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ निघाली. सभासदांनी दहा वर्षे वार्षिक वर्गणी द्यायची आणि त्यातून उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी शाळा चालवायची. अट एवढी, की शाळेत धर्मप्रसार होणार नाही.

मी तपासनीस असतो तर या रचनेवर दोन शेरे मारले असते. पहिला, उत्पन्नाचा जवळजवळ सगळा भार एकाच स्रोतावर आणि तोही समुद्रापलीकडच्या. दुसरा, वचन मुदतबंद. दहा वर्षे संपली की काय?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ उघडले. अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले. रानडे, भांडारकर, तेलंग यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. विधवा विद्यार्थिनींपैकी पहिली गोदूबाई. तिच्याकडे शेवटी येईन.

१८९३ चे वादळ मराठी वाचकाला ठाऊक आहे. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करत, खोलीचे दार उघडे असे आणि ज्यांना वाटे त्या मुली आत येऊन बसत. दार बंद करायला रमाबाई तयार नव्हत्या. ‘केसरी’ने आघाडी उघडली, सल्लागारांनी जाहीर राजीनामे दिले आणि वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. या प्रकरणात बाजू घेऊन लिहिणाऱ्यांचे आपल्याकडे दोन तट आहेत. मला दोन्ही बाजूंची अडचण समजते. सल्लागारांनी पालकांना शब्द दिला होता आणि तो त्यांच्या नावावर दिला होता. अल्पवयीन मुलगी, घरी परत जायची सोय नसलेली, जिच्या जेवणाखाणाचा आणि शिक्षणाचा भार एका बाईवर आहे, ती त्या बाईच्या उघड्या दारातून आत जाते तेव्हा तिचे जाणे कितपत ऐच्छिक म्हणायचे? पण उलट बाजूने पाहा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीबरोबर प्रार्थना करताना दार लावून घ्या, असे कोणत्या हिंदू संस्थाचालकाला कोणी सांगितले असते? शब्द ‘शिकवणार नाही’ असा होता, ‘दिसू देणार नाही’ असा नव्हता. बोस्टननेही आपल्या बाजूने चौकशी केली आणि विश्वास काढून घेतला नाही. हिशेबापुरते सांगायचे तर पुण्यातून मिळणारी पत गेली आणि रोकड टिकली. पत गेल्याचा फटका ताळेबंदात दिसत नाही, तो नंतर कळतो. मराठी समाजातून देणगी मिळवण्याची वाट त्या वर्षी जवळजवळ बुजली आणि संस्था परदेशी पैशावर आणखी टेकली.

अमेरिकेतल्या पैशालाही स्वतःची भूक होती. वर्गणी चालू राहायची तर विधवेच्या दुःखाचे चित्र डोळ्यांपुढे राहायला हवे. १८९५ मध्ये ब्रुकलिनला स्वामी विवेकानंदांनी हिंदू विधवांच्या छळाच्या कथा नाकारल्या तेव्हा तिथल्या रमाबाई सर्कलच्या बायका त्यांच्यावर तुटून पडल्या. या वादात सगळे हिंदुस्थानी विधवेबद्दल बोलत होते, आणि एक बाजू राष्ट्राची अब्रू राखत होती, दुसरी देणगीदारांचा ओघ. दुःख खरे होते, यात मला शंका नाही. पण देणगी मागणारी संस्था दुःखाचे जे चित्र काढते ते नेहमी थोडे जास्त काळे असते, आणि ज्यांचे ते दुःख त्यांना ते चित्र दाखवले जात नाही. माझ्या नोकरीत मी अशी माहितीपत्रके पुष्कळ वाचली. मुलीचा फोटो समोर, नाव बदललेले, खाली बँकेचा खाते क्रमांक.

दहा वर्षांची मुदत रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेतली होती. आंबा, संत्री, लिंबे लावायची आणि अमेरिकेचा पैसा थांबला तर बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा बेत. त्यांच्या सगळ्या आर्थिक निर्णयांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो. भावनेच्या भरात संस्था काढणारे लोक स्थायी निधीचा विचार करत नाहीत.

बाग पुरती फळायच्या आधी दुष्काळ आला. मध्य प्रांतातून आणलेल्या मुली सगळ्या जातींच्या होत्या आणि बोस्टनचा पैसा उच्चवर्णीय विधवांसाठी होता. आमच्या भाषेत तो विशिष्ट हेतूचा निधी. तो दुसरीकडे वळवला तर विश्वासभंग, न वळवला तर समोर बसलेल्या मुलीला जेवायला काय घालणार? रमाबाईंनी तो वळवला नाही. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात जागा नव्हतीच, त्यांनी मुलींना केडगावच्या त्या शेतावर नेले आणि दुसरी संस्था सुरू केली, ‘मुक्ती’. हिचा धर्म उघड होता. इथे ख्रिस्ती शिक्षण मिळेल, हे दारावरच सांगितले होते. १८९८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, जुन्या असोसिएशनची मुदत संपली होती, तिची नव्याने बांधणी झाली. दोन हेतू, दोन निधी, दोन संस्था. १८९३ च्या टीकेतून त्या काहीच शिकल्या नाहीत असे म्हणणाऱ्यांनी ही विभागणी नीट पाहावी.

‘मुक्ती’ कशावर चालली? ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने हजारो अनाथ मुले सांभाळली होती, कोणाकडेही पैसे न मागता, फक्त प्रार्थनेवर, असा त्याचा लौकिक. रमाबाईंनी त्याचे चरित्र वाचले होते आणि तोच मार्ग धरला. ठरीव वर्गणी नाही, पगारी मिशनरी नाहीत, येईल ते देवाने पाठवले असे समजायचे. मला यावर एक क्षुद्र, कारकुनी टिप्पणी करायची आहे. म्यूलर पैसे मागत नसे, पण वार्षिक अहवाल अत्यंत तपशीलवार छापत असे. केडगावहूनही ‘मुक्ती प्रेयर बेल’ निघे आणि देशोदेशी जाई. कोणाच्या ताटात काय कमी पडले आणि ते कसे अचानक आले, हे सविस्तर छापणे म्हणजे न मागता मागणेच. यात लबाडी नाही. उलट प्रत्येक रुपया जाहीरपणे लिहिला गेला तर दाता आपोआप येतो, हे मी माझ्या संस्थाचालकांना तीस वर्षे सांगत आलो आणि कोणी ऐकले नाही.

१९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. लैंगिक अत्याचारातून किंवा बाजारातून आलेल्यांसाठी ‘कृपा सदन’, वृद्धांसाठी ‘प्रीती सदन’, आंधळ्यांसाठी ‘बार्तिमी सदन’. एवढ्या तोंडांना दान पुरत नाही. माग, तेलघाणा, गुरे, शेती, छापखाना, सगळे तिथल्या बायकांनी चालवले. इथे मूल्यमापन अवघड होते. हाच छापखाना पाहा. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्या बायकांनी खिळे जुळवून छापले. पुण्यातल्या कोणत्या सुधारकाने त्या काळी दुष्काळातून उचललेल्या मुलीच्या हाती खिळे दिले होते? पण त्याच कामाला मजुरी नव्हती, आणि जे छापायचे ते ठरवणारी ती मुलगी नव्हती. प्रशिक्षण कुठे संपते आणि फुकटचे श्रम कुठे सुरू होतात, ही रेषा आजच्या ‘सुटका’ संस्थांनाही काढता आलेली नाही. शिवणयंत्रावर बसवलेली बाई बाहेर पडायला मोकळी आहे का, हा एकच प्रश्न त्यावर उतारा आहे. केडगावच्या बाबतीत त्याचे उत्तर मला अर्धेच देता येते: कुंपणाबाहेर तिच्यासाठी दुसरी जागा फारशी नव्हती, आणि ती नसण्याला केडगाव जबाबदार नव्हते.

१९०५ मध्ये तिथे धर्मजागृतीची लाट आली. मुली रात्र रात्र रडत, मोठ्याने प्रार्थना करत. देशोदेशीच्या पत्रकांत ‘मुक्ती’चे नाव गेले आणि देणगीदारांचा प्रकार पालटला. विधवेला शिक्षण मिळावे म्हणून पैसे देणारे हेल यांच्यासारखे लोक मागे पडले आणि आत्म्याच्या उद्धारासाठी देणारे पुढे आले. १८८७ च्या पुस्तकातली रमाबाई आणि १९०५ ची रमाबाई एकच, पण तिच्या संस्थेचा हेतू अठरा वर्षांत इतका सरकला होता, की आज असा बदल करायला धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर अर्ज करावा लागला असता. मला ही वाट चुकीची वाटते असे नाही. मला ती अरुंद वाटते. पैसा देणाऱ्याचा हेतू अखेर संस्थेचा हेतू होतो. शंभर वर्षांनी याची उलटी बाजू सांगलीत दिसली. वेश्याव्यवसायाविरोधी प्रतिज्ञेवर सही करायची अट अमेरिकी सरकारच्या निधीला होती, आणि ‘संग्राम’ने २००५ मध्ये तो निधीच सोडला.

मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. त्यांचे बायबल छापून पुरे झाले ते १९२४ मध्ये.

आता गोदूबाई. तिचा ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, शारदा सदनाच्या चौथ्या वाढदिवशीच. तिची सदनातली वर्षे बोस्टनच्या वर्गणीवर गेली होती. पुढे कर्व्यांनी अनाथबालिकाश्रम काढला तेव्हा त्याच्यासाठी घरोघर फिरून पैसे गोळा करणाऱ्यांत ती होती. आता तिचे नाव आनंदीबाई, लोकांची बाया. ज्या पुण्यात रमाबाईंना देणगी मिळेनाशी झाली होती त्याच पुण्यात तिला दोन आणे, चार आणे मिळत. तो आश्रम १९०० मध्ये हिंगण्याला गेला, आणि पुष्कळ वर्षांनी माझी आजी तिथे शिकली.