‘तिमे’ : मोल आणि मान

नव्या करारातील ‘तिमे’ या ग्रीक शब्दात किंमत आणि सन्मान हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (६:२०) तो विकत घेण्याच्या व्यवहारातून येतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:७) विश्वासीयांच्या वाट्याच्या गौरवाकडे झुकतो. याच पत्रात ख्रिस्ताच्या रक्ताला त्यापासून साधलेले ‘तिमिओस’ हे विशेषण लागते (१:१९), आणि पुढे घरच्या दासांना उद्देशून उपदेश येतो (२:१८). बाजारात ज्यांची किंमत होत असे, त्यांच्याही कानी हा शब्द पडत होता.

मराठीत ही जोडी फुटते. बारामतीच्या बाजारपेठेत मालाला मोल येते. इंदापूर तालुक्यात बेलवाडीच्या रिंगणात अश्वाला मान असतो. मोल ठरवता येते, मान परंपरेने चालत येतो. गावगाड्यात मोलमजुरी करणाऱ्यास मोल मिळे. मानपानात त्याला स्थान नसे. म्हणून ‘मूल्यवान’ हा प्रतिशब्द चुकीचा नसला, तरी अपुरा ठरतो.

बारामतीलगतच्या दौंड तालुक्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबल सोप्या मराठीत आणले. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्पशिक्षित स्त्रीला तो कळावा, ही त्यांची दृष्टी होती. समाजाने टाकलेल्या त्या वाचकवर्गाला केवळ मोलाची ग्वाही पुरणारी नव्हती. सोपा शब्द आणि पूर्ण अर्थ यांतील हा ताण मराठी भाषांतरचिकित्सेने अद्याप पुरता मोजावयाचा आहे.