विंचूदंश आणि हृदय : महाड परिसरातील एका निदानाचा इतिहास

हृदयदोष ओळखण्याच्या साधनांचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेल्मुट हेर्ट्झ यांनी 29 ऑक्टोबर 1953 रोजी, धातूतील भेगा शोधणाऱ्या यंत्राच्या तत्त्वावर, श्राव्यातीत ध्वनी छातीतून पाठवून हृदयाच्या हालत्या भागांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींची नोंद केली. रुग्णांच्या बोलीत आज रूढ झालेल्या ‘टू-डी इको’चा उगम तेथे आहे. रायगड जिल्ह्यात मात्र हृदयविकृतीचा एक प्रकार यंत्राआधी रुग्णशय्येपाशी ओळखला गेला.

सावित्रीच्या खाडीने समुद्राशी जोडलेल्या महाड तालुक्यात लाल विंचवाचा दंश ही जुनी आपत्ती होय. ‘विंचू चढला’, ‘विंचू उतरवला’ हे आपले वाक्प्रचार विषाची कल्पना वेदनेच्या चढउतारावर बांधतात. वेदना शमली की संकट टळले, असा त्यांचा गर्भितार्थ. वस्तुस्थिती निराळी आहे : कित्येक गंभीर रुग्णांत दंशस्थानी वेदना अल्पच असते.

1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचे अखंड निरीक्षण केले. उलट्या, दरदरून घाम, लाळ गळणे, पुरुषांत शिश्नाची ताठरता आणि गार पडलेले हातपाय ही हृदयावरील आघाताची पूर्वचिन्हे होत, असे त्यांनी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. विषामुळे रक्तात कॅटेकोलामाइन द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावरील भार वाढतो आणि अखेरीस फुप्फुसांत द्रव साचतो. हा आकस सोडविणारे प्राझोसिन त्यांनी उपचारात आणले. त्यासंबंधीचे लेखन 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आले. त्यापूर्वी हृदयास बाधा झालेल्या रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के दगावत. पुढे हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरले.

प्रतिध्वनिचित्रणाने या निदानास दृश्य आधार दिला. इस्रायलमध्ये मोशे गुएरॉन व सहकाऱ्यांनी 1990 मध्ये, तेथील निराळ्या जातीच्या विंचवाने दंश केलेल्या रुग्णांत, हे चित्रण वापरले. भारतीय रुग्णांतही डाव्या जवनिकेचे, म्हणजे रक्त शरीरभर ढकलणाऱ्या कप्प्याचे, आकुंचन सर्वत्र मंदावलेले आणि प्रत्येक ठोक्यास बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण घटलेले आढळले. रक्तवाहिनी तुंबून येणाऱ्या झटक्यात बहुधा भिंतीचा एखादाच भाग निकामी होतो. येथे अवघा स्नायू थकलेला दिसतो. वाचलेल्या रुग्णांत हा दोष बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरतो, ही बाबही पुनःपुन्हा केलेल्या चित्रणानेच सिद्ध झाली.

तात्पर्य, चित्रणाने विकृतीचे स्वरूप, तीव्रता आणि परतीची वाट दाखविली; परंतु रुग्ण वाचविण्याची घटिका त्यापूर्वीची असते. यंत्र दूर असलेल्या गावात घामेजलेले कपाळ आणि गार तळहात वाचता येणे, हेच आजही पहिले निदान होय.