गावाकडच्या बंद घराला कॅमेरा : रेकॉर्डिंग राहणार कुठे?

टेंभुर्णी म्हणजे माढा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर महामार्गावरचं गाव. इथल्या आणि आसपासच्या आपल्या कितीतरी घरांतली मुलं पुण्या-मुंबईला, काही सौदी-दुबईला स्थिरावली. मागे राहिलं वालिदांनी बांधलेलं घर. ते रमजान ईदला उघडतं, बकरी ईदला उघडतं, मध्ये एखादा निकाह असला तर उघडतं, एरवी कुलूप. अशा घराला कॅमेरा लावताना शहरातल्या फ्लॅटचा हिशेब चालत नाही. कॅमेरा कोणत्या कंपनीचा हे नंतर बघू. आधी ठरवायचं ते हे, की रेकॉर्डिंग किती दिवस टिकेल आणि कुठे राहील.

गणित मांडून पाहू. साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला सुमारे २ मेगाबिट डेटा तयार करतो, म्हणजे दिवसाला २१-२२ जीबी. चार कॅमेरे असतील तर ८६ जीबी. दुकानदार जी १ टीबीची हार्ड डिस्क सुचवतो ती अकरा-बारा दिवसांत भरते, आणि मग जुनं पुसून त्यावर नवं चढत जातं. रमजान ईद ते बकरी ईद हे अंतरच ६७-६९ दिवसांचं. शव्वालच्या पहिल्या आठवड्यात घर बंद केलं, चार दिवसांनी चोरी झाली आणि बकरी ईदला कुलूप तुटलेलं दिसलं, तर कॅमेरा चालू असूनही हाती काही लागत नाही.

उपाय आहे. एच.२६५ पद्धतीने रेकॉर्डिंग करणारी यंत्रणा घेतली तर जागा साधारण निम्मी लागते. चार कॅमेऱ्यांचे सत्तर दिवस मग ३ टीबीत बसतात, म्हणजे डिस्क ४ टीबीची हवी. दोनच कॅमेरे असतील, एक पुढच्या दाराला आणि एक परसाला, तर २ टीबी पुरते. आमच्या मते बंद घराला दोन चांगले कॅमेरे चारपेक्षा बरे. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायची सोयही असते, पण रात्री भिंगासमोर कोळ्याने जाळं विणलं की यंत्राला तीही हालचालच वाटते.

आता जागा. चोर हुशार असेल तर जाताना रेकॉर्डिंगचा डबाच उचलून नेतो. म्हणून तो टीव्हीखाली ठेवू नये. नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चांगली चालते. बोळाच्या पलीकडे चाचांचं किंवा मामूंचं राहतं घर असेल तर केबल तिकडे नेऊन एनव्हीआर त्यांच्याकडेच ठेवा. आपलं घर फोडलं तरी रेकॉर्डिंग शाबूत राहतं, आणि त्याच्यावर रोज कुणाची तरी नजर असते. हे जमत नसेल तर आतल्या खोलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवा. सोलापूरकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या बंद खोलीत डिस्क लवकर खराब होते. जोडीला कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकून ठेवावं, म्हणजे केबल तुटली तरी निदान काही दिवसांचं चित्रण कॅमेऱ्यातच उरतं.

दोन कॅमेरे, एनव्हीआर आणि राउटर मिळून ३०-४० वॅट लागतात, म्हणजे दिवसाला फार तर एक युनिट. घरगुती इन्व्हर्टरला १५० एएचची चांगली बॅटरी असेल तर वीस तासांच्या आसपास निघतात. बॅटरीत पाणी कोण घालणार आणि महावितरणचं बिल कोण भरणार, हे मात्र आधी ठरवा. बंद घराचं बिल थकतं, वीज तुटते, आणि कॅमेरा बंद पडल्याचं कुणाला कळतही नाही.

इंटरनेटसाठी ४जी सिमचा राउटर चालतो. घेण्याआधी दोन-तीन कंपन्यांची सिम फोनमध्ये घालून त्याच घरात रेंज बघा. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर सगळं चित्रण क्लाउडवर पाठवणं शक्य नाही. रेकॉर्डिंग गावातच राहू द्या. मोबाइलवर फक्त माणूस दिसल्याची सूचना आणि फोटो येऊ द्या. वेळ आपोआप जुळवण्याची सेटिंग चालू ठेवा. वीज गेल्यावर काही यंत्रांची तारीख मागे जाते, आणि चुकीच्या तारखेचं चित्रण पुराव्यात अडचणीचं ठरतं.

पुराव्याचं पुढे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डिंगची प्रत कोर्टात द्यायची तर प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात हे कलम ६५-ब होतं. त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा महत्त्वाचा निकाल आपल्याच जालन्यातल्या, २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वादातला. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुरावा म्हणून आलं होतं. मूळ यंत्र हजर करत नसाल तर प्रमाणपत्र आवश्यक, असं कोर्टाने सांगितलं. तेव्हा चोरी दिसली की रेकॉर्डिंग लगेच थांबवा, म्हणजे पुसलं जाणार नाही. मूळ डिस्क जपा. व्हॉट्सअॅपवर फिरलेली क्लिप म्हणजे मूळ चित्रण नव्हे, ते अॅप व्हिडिओ दाबून लहान करतं.

तक्रारीसाठी गावी धावत पोचेपर्यंत थांबायची गरज नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते; तशी दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते.

एक गोष्ट आपल्या मोहल्ल्यात सर्वांत नाजूक. जुन्या घरांची माळवदं एकमेकांना लागून असतात. आपला कॅमेरा शेजारच्या अंगणात, जिथे बाया-मुली वावरतात तिथे, बघत असेल तर ते भांडणाचं मूळ. सूरह हुजुरातमध्ये (४९:१२) दुसऱ्याच्या गोष्टींची टेहळणी करण्याची स्पष्ट मनाई आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग काळा करायची सोय असते, ती वापरा आणि शेजाऱ्यांना स्क्रीन दाखवा. घर भावाभावांचं सामाईक असेल तर आधी सगळ्यांची संमती घ्या. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या अशाच वादात, राहत्या भागात संमतीशिवाय कॅमेरे लावणं खाजगीपणाचा भंग आहे, असं हायकोर्टाने धरलं आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

राहिला पासवर्ड. कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असे न बदललेले पासवर्ड वापरूनच जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. बसवणाऱ्या माणसाने त्याच्या मोबाइलवर अकाउंट उघडून दिलं असेल, तर ते तिथून काढून आपल्या नावावर घ्या. नाहीतर आपल्या घराचं दार त्याच्याही फोनवर दिसत राहतं.