छावणीचे संघ, पेठेचे संघ

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. सेवेची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे महिनोन्‌महिने पडून राहत. उकाडा, ताप आणि रिकामपण यांनी काहींचे डोके फिरे. ‘डुलाली’ म्हणजे भ्रमिष्ट, हा अर्थ त्यातून रूढ झाला. छावणीत वस्ती असते, पण कोणीच कायमचे नसते.

आपल्याकडे फुटबॉलचे बीज रुजवण्यात अशा छावण्यांतल्या पलटणींचा वाटा मोठा. १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला, तेव्हा पहिला विजेता होता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ. भारतीय संघाने हा चषक जिंकण्यासाठी १९३७ साल उजाडावे लागले. तो मान बंगलोर मुस्लिम्सने मिळवला. पलटणीचा संघ हा पलटणीचाच असे. तिची बदली झाली की संघही जाई आणि गावाकडे मैदान तेवढे उरे.

स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या, पण ही रचना पुरती गेली नाही. पलटणीच्या जागी कंपनी आली. मुंबईचा महिंद्रचा संघ १९६२ मध्ये स्थापन झाला, पुढे ‘महिंद्र युनायटेड’ म्हणून २००५–०६ ची राष्ट्रीय लीग त्याने जिंकली आणि २०१० मध्ये तो बंद झाला. देशाचा विजेता ठरलेला संघ चार-पाच वर्षांत नाहीसा व्हावा आणि तो निर्णय मैदानावर नव्हे, कार्यालयात व्हावा, यात आपल्याला फारसे वावगे वाटले नाही. ज्याने संघ काढला त्यानेच तो मिटवला, इतकेच.

पुण्याच्या ‘शिवाजियन्स’ची कथा या दृष्टीने अधिक बोलकी आहे. १९८७ मध्ये स्थापन झालेला हा संघ दीर्घकाळ शहराच्या स्थानिक स्पर्धांतच खेळत होता. पुढे डीएसके या बांधकाम व्यवसायातील समूहाचे नाव आणि पैसा त्याला मिळाला, आणि तो आय-लीगच्या द्वितीय विभागात उतरला. लिव्हरपूल या नामांकित इंग्लिश क्लबच्या सहकार्याने पुण्यात निवासी अकादमीही उभी राहिली. मिझोरामचा लालियांझुआला छांगटे या अकादमीत घडला. २०२२–२३ च्या हंगामात तो भारताचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. एखाद्या दुय्यम विभागातील संघाच्या खात्यावर ही जमा लहान नव्हे.

मात्र २०१५–१६ च्या हंगामासाठी शिवाजियन्स वरच्या विभागात गेला तो द्वितीय विभाग जिंकून नव्हे. कंपन्यांसाठी ठेवलेल्या थेट प्रवेशाच्या वाटेने. या वाटेने येणाऱ्याला खालच्या विभागात न ढकलण्याचे अभय असे. नऊ संघांच्या त्या लीगमध्ये शिवाजियन्स शेवटचा, नववा आला. नियमाप्रमाणे तो सुरक्षित राहिला आणि पदावनती वाट्याला आली ती आठव्या क्रमांकावरच्या ऐझॉलच्या. पुढे गोव्याच्या दोन संघांनी लीगमधून अंग काढून घेतले, जागा रिकाम्या झाल्या, ऐझॉलला परत घेण्यात आले. आणि २०१६–१७ मध्ये त्याच ऐझॉलने लीग जिंकली! भारतीय फुटबॉलच्या व्यवस्थेवर याहून बोचरे भाष्य एखाद्या कादंबरीकारालाही सुचले नसते.

त्याच हंगामानंतर शिवाजियन्स संपला. २०१७–१८ च्या लीगमध्ये त्याचे नाव नव्हते. पोसणारा समूह तोवर आर्थिक अडचणीत सापडला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवीदारांच्या तक्रारींवरून समूहाचे प्रमुख डी. एस. कुलकर्णी यांना अटक झाली. तो न्यायालयाचा विषय. आपल्यापुरता प्रश्न असा, की तीस वर्षांचे वय असलेला संघ एका समूहाच्या ताळेबंदावर इतका अवलंबून का असावा?

आणि हे एकट्या शिवाजियन्सचे दुर्दैव नव्हते. २००७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे एफसीने २००९ मध्ये द्वितीय विभागातून खेळून बढती मिळवली, २०१२–१३ मध्ये आय-लीगचे उपविजेतेपद पटकावले. २०१५ नंतर तोही त्या लीगमध्ये दिसला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम टिकला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसाठी आलेल्या पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादने घेतली. अवघ्या पाच वर्षांत एका शहराने चार संघ गमावले, आणि त्यांपैकी एकही मैदानावर हरला म्हणून बंद पडला नाही.

आता कोल्हापूरकडे पाहू. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यांतले बहुतेक संघ पेठांचे आणि तालमींचे. त्यांना मोठा धनी नाही; वर्गणी आहे, देणगीदार आहेत, घरोघरीचे खेळाडू आहेत. शाहू स्टेडियमवर तुडुंब गर्दी लोटते ती शेजारच्या पेठेला हरवण्यासाठी. अर्थात याचेही दोष आहेत. ईर्ष्या कधी हाणामारीवर जाते आणि क्षितिज बहुधा शहराच्या वेशीपाशी संपते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेल्या अनिकेत जाधवला घडण्यासाठी कोल्हापूर सोडून पुण्याला यावे लागले, हे विसरता येत नाही. पेठेकडे माणसे आहेत, साधने नाहीत. कंपनीकडे साधने होती, माणसे नव्हती.

या दोहोंची सांगड घालणे अशक्य नाही. लंडनच्या विम्बल्डन क्लबला मालकांनी दूर मिल्टन कीन्सला नेण्याचे ठरवले, तेव्हा २००२ मध्ये चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला. इंग्लंडच्या नवव्या पायरीवरून सुरुवात करून तो २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. जर्मनीत क्लबमधील मतांचे बहुमत सभासदांकडेच असावे असा सर्वसाधारण नियम आहे. पैसा बाहेरून येऊ शकतो. क्लब बंद करण्याचा अधिकार मात्र त्या पैशाबरोबर सहजी जात नाही.

शिवाजियन्सपाशी नाव होते, अकादमी होती, तीन दशकांचा इतिहास होता. ‘हा आमचा संघ आहे, तो बंद करता येणार नाही’ असे म्हणण्याचा हक्क असलेले सभासद तेवढे नव्हते. महाराष्ट्रात उद्या नवा संघ निघेल, तेव्हा तो कोणत्या विभागात खेळणार यापेक्षा त्याच्या घटनेत सभासद म्हणून कोणाची नावे आहेत, हे आधी विचारायला हवे.