धर्माच्या नावाने मतयाचना

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या आधारे मत मागणे हे भ्रष्ट आचरण ठरते. उमेदवाराची देवपूजा, उपासतापास ही त्याची खासगी बाब. तिला कायद्याची आडकाठी नाही.

१९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या आधारे झालेल्या प्रचारावरून विजयी उमेदवार रमेश प्रभू यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी तो निकाल कायम ठेवला. त्या प्रचारात भाषणे करणारे शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचा मताधिकारही सहा वर्षांसाठी गेला. त्याच दिवशी मात्र, पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल हे मनोहर जोशी यांचे विधान न्यायालयाने निव्वळ आशा मानले, भ्रष्ट आचरण नव्हे. दोन निकालांतली ही सीमारेषा फारच पुसट आहे.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी मत मागताना उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माचा आधार घेण्यासही मनाई केली.