विंचवाच्या खुणेची गाडी

श्रोतेहो, शिरूर तालुक्यात बैलगाड्यांच्या घाटावर उभा असलेला जाणता माणूस दुरून बैल ओळखतो. झूल बदला, शिंगांना नवा रंग द्या, धनी बदला. कपाळ आणि पाय टाकण्याची ढब पाहून तो सांगतो, हा अमक्या वाडीचा. शर्यतीच्या जुन्या मोटारीची ओळख पटवणे हे असेच काम. फरक इतकाच, की मोटारीचे सारे अवयव बदलता येतात. आज इंजिन बदलले, उद्या पत्रा, परवा नाव. मग ती गाडी कोणाची म्हणायची?

हा प्रश्न काढण्याचे कारण रांजणगावात आहे. तिथे टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीच्या कारखान्यात तयार झालेली ‘अबार्थ पुंटो’ ही गाडी २०१५ साली बाजारात आली. शक्ती १४५ अश्वशक्ती, आणि अंगावर चक्क विंचवाचे चिन्ह. फियाटच्या गाडीवर विंचू कुठून आला?

तो आला व्हिएन्नाहून. कार्ल अबार्थ हा माणूस तिथे १५ नोव्हेंबर १९०८ रोजी जन्मला. रास वृश्चिक, म्हणून खूण विंचवाची! दुसऱ्या महायुद्धानंतर तो इटलीत ‘चिसितालिया’ नावाच्या कंपनीत शर्यतीचा विभाग पाहू लागला. कंपनी लहान. फियाटच्या साध्या ११०० मोटारीचे भाग घ्यायचे आणि त्यांतून हलक्या, चपळ गाड्या बांधायच्या, हा तिचा धंदा. तिची ‘२०२’ ही गाडी इतकी देखणी होती, की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ साली ती प्रदर्शनात मांडली. पण मालक पिएरो दुसिओ याने पोर्शे यांच्या कचेरीकडून एक फार महागडी शर्यतीची गाडी आखून घेतली, आणि त्या खर्चाखाली कंपनी वाकली. अबार्थला आपल्या येण्यापोटी रोख रकमेऐवजी काही गाड्या आणि सुटे भाग मिळाले. त्या भांडवलावर त्याने १९४९ साली स्वतःची कंपनी काढली.

त्या गाड्यांत ‘२०४’ या जातीच्या गाड्या होत्या. अबार्थने त्या सुधारल्या आणि त्यांना ‘२०४ ए’ म्हणू लागले. आता पाहा, सांगाडा चिसितालियाचा, इंजिनाचे मूळ फियाटचे, शेवटचा हात अबार्थचा! याच गाडीतून ताझिओ नुव्होलारी हा नामांकित शर्यतपटू १० एप्रिल १९५० रोजी सिसिली बेटावर माँटे पेलेग्रिनोचा घाट चढला आणि आपल्या गटात पहिला आला. ती त्याची अखेरची शर्यत ठरली. गंमत अशी, की मुंबईची जुनी फियाट टॅक्सी, जी पुढे पद्मिनी झाली, तिचे इंजिनही याच ११००च्या घराण्यातले, १०८९ घनसेंटिमीटरचे. टॅक्सीत त्याची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. शर्यतीच्या गाडीत दोन कार्ब्युरेटर आणि बाकीची कारागिरी यांनी तीच कितीतरी वाढवली होती.

अशी गाडी कुणाच्या गोठ्यात धूळ खात सापडली तर ओळखायची कशी? नावाच्या पट्टीवर विश्वास ठेवू नये. ती दोन स्क्रूंची धनी. दौंडच्या जुन्या रेल्वे कामगारांना हे सांगायला नको. वाफेच्या इंजिनावर कारखान्याचे नाव, अनुक्रमांक आणि साल असलेली पितळी पट्टी असे. पण कारखान्यात दुरुस्तीला गेलेल्या इंजिनाला दुसऱ्याचा बॉयलर बसे, आणि दांड्यांवर ठोकलेले नंबर एकमेकांशी जुळत नसत. मोटारीतही तसेच. म्हणून आधी सांगाड्यावर ठोकलेला नंबर पाहायचा, मग इंजिनाचा. मग कारखान्याचे दप्तर, आणि शेवटी शर्यतीचे जुने फोटो. दिव्याची जागा, पत्र्यातली हवेची फट, एखादा पोचा, हे फोटोशी ताडून पाहायचे. वस्तू एक सांगते, कागद दुसरे सांगतो, आणि दोन्ही जुळेपर्यंत नाव द्यायचे नाही.

एवढी चिकित्सा कशाला? पुढे अबार्थने फियाटच्या ६०० या चिमुकल्या मोटारीतून शर्यतीच्या गाड्या केल्या. बाहेरून पाहाल तर दोघी सख्ख्या बहिणी, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. साहजिकच साध्या गाडीला विंचू चिकटवून विकणारेही निघाले. त्यांत फसतो गिऱ्हाईक, आणि पुसले जाते ते खऱ्या कारागिराचे काम. ‘२०४ ए’ला कोणी नुसती अबार्थ म्हणतात. मला ते पटत नाही. सांगाडा ज्यांनी जोडला त्यांचे नाव आधी यावे, म्हणून चिसितालिया-अबार्थ हेच बरे.

१९७१ साली फियाटने अबार्थची कंपनी घेतली. त्यामुळेच हा विंचू पुढे रांजणगावापर्यंत पोचला. ती पुंटोही आता निघत नाही. पन्नास वर्षांनी एखादी न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या शेडमध्ये सापडेल, आणि कोणी विचारील, ही साधी पुंटो की विंचवाची? तेव्हा सांगाड्यावरचा सतरा अक्षरांचा नंबर आणि नोंदणीचे पुस्तक, एवढेच उपयोगी पडेल.

शिक्षकमित्रांनो, गावात जुने किर्लोस्कर किंवा कूपरचे ऑइल इंजिन असेल, तर भंगारवाला येण्याआधी मुलांना तिथे न्या. नंबरावरचा गंज आणि तेलाचा थर चिंधीने पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा. डोळ्यांना न दिसणारे आकडेही पुष्कळदा कागदावर उमटतात. खाली गाव, तारीख आणि इंजिन कोणाच्या विहिरीवर होते ते लिहायला विसरू नका.